यंत्राच्या दाराची दिंडी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणें यांची अपेक्षा असते. आणि मी तर गाडी ठेवण्याच्या गॅरेजच्या दाराविषयीं, तेंही बिघडलेल्या दाराविषयीं, बोलणार आहें. परंतु शाळेंत इतिहास शिकवितांना मला नेहमीं वाटे कीं, राजांच्या सनावळीपेक्षां घरगुती वस्तूंच्या सनावळींतच माणसाच्या शहाणपणाचा खरा हिशेब सांपडतो. एखादी वस्तु केव्हां निघाली हें कळलें म्हणजे अर्धा इतिहास कळतो. ती कशी मोडली, मोडल्यावर कोणास इजा झाली आणि त्यावरून लोक काय शिकले, हा उरलेला अर्धा.

ह्या विषयाकडे माझें लक्ष गेलें तें एका घरगुती प्रसंगामुळें. माझा मुलगा अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहतो. तिकडे पुष्कळ घरांना लागूनच गॅरेज असतें, आणि त्याचें दार म्हणजे जवळ जवळ एक सबंध भिंतच. आडव्या फळ्या बिजागऱ्यांनीं एकमेकींस जोडून तें केलेलें असतें. दोन्ही बाजूंच्या रुळांवरून तें वर चढतें आणि छताखालीं आडवें होऊन राहतें. गाडींत बसल्या बसल्या हातांतील रिमोटची कळ दाबली कीं छताला टांगलेलें विजेचें यंत्र घरघर करूं लागतें आणि दार आपोआप उघडतें.

मी तेथें असतांना एके दिवशीं सकाळीं दार असेंच वर जात होतें, तोंच बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला आणि दार माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर थांबलें. कळ पुन्हां पुन्हां दाबून पाहिली. यंत्र नुसतें कण्हे, पण दार हलेना. छताजवळून एक तांबडी दोरी लोंबत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा मागें व्हा. ही दोरी ओढली कीं दार यंत्रापासून सुटतें. मग आपण तें हातानें खालीं घेऊं." त्यानें दोरीला हात घातला, तोंच समोरच्या घरांतील एक वृद्ध गृहस्थ धांवत आले आणि त्यांनीं त्याचा हात धरला. जन्मभर सुतारकाम केलेला तो माणूस. त्यांनीं दाराच्या डोक्यावरील लोखंडी दांड्याकडे बोट दाखविलें. दांड्यावरची जाड स्प्रिंग मधोमध तुटून तींत दोन बोटें फट पडली होती. मग त्यांनीं दाराच्या खालीं बोट दाखविलें. तेथें माझ्या नातीची छोटी सायकल उभी होती. ह्याहून अधिक कांहीं बोलण्याची त्यांस आवश्यकता पडली नाहीं.

त्या दिवशीं दोरी ओढली गेली असती तर काय झालें असतें, हें समजण्यासाठीं ह्या दाराचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहिला पाहिजे.

दार आपोआप उघडावें ही हौस आजकालची नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरांत हेरॉन नांवाचा एक ग्रीक यंत्रज्ञ होऊन गेला. वायूच्या आणि पाण्याच्या बळावर चालणाऱ्या यंत्रांवर त्यानें जो ग्रंथ लिहिला, त्यांत देवळाचीं दारें आपोआप उघडण्याची युक्ति वर्णिली आहे. देवळापुढील वेदीवर अग्नि पेटविला कीं आंतली हवा तापून प्रसरण पावे. ती हवा खालच्या गोलांतील पाणी ढकलून एका टांगलेल्या भांड्यांत नेई. भांडें जड होऊन खालीं येई. आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या दारांचे खांब फिरवून दारें उघडीत. अग्नि विझला म्हणजे हवा निवून आकुंचन पावे, पाणी परत गोलांत ओढलें जाई, भांडें हलकें होई आणि दुसऱ्या बाजूस टांगलेलें वजन दारें पुन्हां लावून घेई.

ह्या युक्तींतील मर्म अग्नींत नाहीं, त्या टांगलेल्या वजनांत आहे. आपल्याकडे कोंकणांत विहिरीवर एक लांब वांसा आडवा तोलून धरीत आणि त्याच्या मागच्या टोकास दगड बांधून ठेवीत. पाण्यानें भरलेली बादली मग एकटी बाईसुद्धां सहज वर काढी. कारण बादलीचें ओझें त्या दगडानें आधींच उचललेलें असे, हातानें फक्त झुकतें माप द्यावयाचें. हेरॉनचें देऊळ काय, कोंकणांतील विहीर काय, आणि माझ्या मुलाचें गॅरेज काय, तिन्हीं ठिकाणीं नियम एकच: ओझ्याला ओझ्यानें तोलावें आणि मग थोड्याशा बळानें हालवावें.

आतां अमेरिकेकडे वळूं. १९०८ सालीं हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' ही मोटारगाडी निघाली आणि १९२७ पर्यंत तशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. इतक्या गाड्या ठेवावयाच्या कोठें? आरंभीं लोकांनीं त्या घोड्यांच्या पागांत आणि बग्गीखान्यांत ठेविल्या. तेथील दारें बाहेर उघडणारीं, दोन जड फळ्यांचीं. बर्फ पडलें म्हणजे आधीं फावड्यानें बर्फ उपसावें तेव्हां दार उघडे. ह्या अडचणींतून मार्ग काढला सी. जी. जॉन्सन ह्या गृहस्थांनीं. १९२१ सालीं त्यांनीं आडव्या तुकड्यांचें, रुळांवरून वर चढणारें दार काढलें. त्याची प्रतिकृति मोटारगाडीच्या पाठीमागें बांधून ते गांवोगांव दाखवीत हिंडले, असें त्यांच्या कंपनीच्या इतिहासांत सांगतात. पुढें १९२६ सालीं त्यांनींच अशा दाराला विजेचें यंत्र जोडलें. दुसरें महायुद्ध संपल्यावर शहरांबाहेर नवीं उपनगरें वसलीं, घरोघरीं गाडी आली, आणि हळूहळू हें यंत्र चैनीची वस्तु न राहतां घरची नित्याची वस्तु झालें.

पण श्रोतेहो, येथेंच एक गैरसमज शिरला, आणि तो आजही घरोघरीं आहे. लोकांस वाटतें कीं, दार उचलतें तें यंत्र. वस्तुतः तसें नाहीं. दोन गाड्यांच्या गॅरेजचें दार सहज सत्तर ते नव्वद किलोंचें, कित्येकदां त्याहूनही जड असतें. त्याचें ओझें पेलते ती दारावरची पीळ दिलेली पोलादी स्प्रिंग. दार खालीं येतांना स्प्रिंगला पीळ बसतो आणि त्या पिळांत दाराचें ओझें जणूं सांठवून ठेविलें जातें. दार वर जातांना तो पीळ उलगडून ओझें परत घेतो. विहिरीवरच्या दगडाचें काम येथें स्प्रिंग करते. यंत्र केवळ वांशाला हात लावणाऱ्या त्या बाईसारखें. म्हणूनच अर्ध्या अश्वशक्तीची लहानशी मोटर एवढें दार हालवूं शकते.

अशी स्प्रिंग अमर नसते. साधारण प्रतीची स्प्रिंग सुमारें दहा हजार वेळां दार उघडून लावण्याच्या हिशेबानें बनविलेली असते. दिवसांतून चार वेळां दार वापरलें तर सात वर्षें भरण्याच्या आंत तिचें आयुष्य संपतें. ती तुटते तेव्हां मोठा आवाज होतो. आणि त्या क्षणापासून, वर अडकलेल्या दाराचें सारें ओझें यंत्राच्या त्या एका सांध्यावर येऊन पडतें. तांबडी दोरी ओढणें म्हणजे नेमका तोच सांधा सोडणें. शेजाऱ्यांनीं मुलाचा हात कां धरला, हें आतां ध्यानांत येईल.

हा सांधा कां ठेविला आणि ती दोरी कां बांधली, हें विचारणें साहजिक आहे. त्याचें उत्तर ह्या यंत्राच्या पुढील इतिहासांत मिळतें, आणि तो इतिहास दुःखाचा आहे. जुनीं यंत्रें आंधळीं होतीं. खालीं येणाऱ्या दाराखालीं गाडी आहे, कुत्रें आहे कीं मूल आहे, हें त्यांस कळत नसे. दार खालीं येत असतां त्याच्याखालून पळत निसटण्याचा खेळ मुलें खेळत. ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठीं तेथें एक सरकारी आयोग आहे. त्यानें अशी नोंद केली कीं, मार्च १९८२ पासूनच्या काळांत दोन ते चौदा वर्षांचीं सुमारें साठ मुलें अशा दारांखालीं सांपडून मरण पावलीं. म्हणजे वर्षाला सरासरी चार. दार एखाद्या वस्तूवर आपटलें तर दोन सेकंदांच्या आंत उलट फिरून वर जावें, असें मानक १९८२ पासून होतें. परंतु तेवढ्यानें भागलें नाहीं. यंत्र जुनें झालें, त्याचें माप बिघडलें, तर तें उलट फिरेच असें नाहीं.

तेव्हां १९९० सालीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें कायदा केला आणि १ जानेवारी १९९३ पासून घरगुती वापरासाठीं तयार होणाऱ्या प्रत्येक यंत्राला अडकलेल्या माणसाच्या रक्षणाची आणखी एक सोय सक्तीची झाली. तिचें सर्वांत परिचित रूप म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंस, जमिनीपासून फार तर सहा इंचांवर, बसविलेले दोन लहान डोळे. एकांतून अदृश्य किरण निघतो, दुसरा तो पाहतो. मध्यें कांहीं आलें, किरण तुटला, कीं खालीं येणारें दार थांबून परत वर जातें. ज्या मुलांच्या मरणामुळें हे डोळे यंत्राला मिळाले, त्यांचीं नांवें त्या यंत्रावर कोठेंही कोरलेलीं नाहींत. पण डोळ्यांसमोर कोळ्यानें जाळें विणलें म्हणून दार लागत नाहीं, अशी कुरकुर आपण करतों, तेव्हां त्यांची आठवण ठेवणें योग्य होईल.

दुसरा बिघाड अदृश्य आहे, आणि तो आपल्या रेडिओचाच सोबती. रिमोट म्हणजे एक लहानसें प्रक्षेपण केंद्रच. प्रथम अशीं यंत्रें निघालीं तेव्हां सर्वांचा संकेत सारखाच. एकानें कळ दाबावी आणि शेजाऱ्याचें दार उघडावें, असा प्रकार होऊं शके. मग यंत्रांत बारीक खटक्यांची रांग बसविली. आठ खटके असले तर २५६ आणि बारा असले तर ४०९६ निरनिराळे संकेत करतां येत. शेजाऱ्याचा घोटाळा मिटला, पण चोराचा मिटला नाहीं. कारण एकदां ऐकलेला संकेत टिपून घेऊन पुन्हां वापरतां येई. १९९० नंतरच्या दशकांत दर वेळीं बदलणारा संकेत आला, तेव्हां कोठें ही पळवाट बुजली. तरीही जुनीं यंत्रें घरोघरीं राहिलीं. २०१५ सालीं सॅमी कामकर ह्या संशोधकानें मुलांच्या एका खेळण्यांत थोडा फेरफार करून, ठराविक संकेताचीं जुनीं दारें दहा सेकंदांच्या आंत उघडतां येतात, हें सिद्ध करून दाखविलें.

कधीं कधीं तर यंत्र, संकेत, रिमोट सर्व शाबूत असून दार उघडत नाहीं. २००६ च्या अखेरीस कोलोराडो स्प्रिंग्ज शहरांत कित्येकांचे रिमोट अचानक निकामी झाले. जवळच्या शायेन पर्वतावरील हवाई दलाच्या तळावर नव्या रेडिओ यंत्रणेची चांचणी चालू होती. तिच्या लहरी आणि दारांच्या लहरी एकाच पट्ट्यांतल्या. पट्टा कायद्यानें लष्कराचा. घरगुती रिमोटला तेथें केवळ पाहुण्यासारखी जागा. पाहुण्यानें यजमानाशीं भांडूं नये हाच तेथील नियम. भिंतीवरची कळ दाबली तर दार मात्र नेहमींसारखें उघडत होतें.

तिसरा प्रसंग सर्वांत कठीण. ऑक्टोबर २०१७ मध्यें कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागांत, सोनोमा आणि नापा ह्या परगण्यांत, रात्रीं भयंकर वणवे लागले. वीज गेली. गाडींत बसून पळावयाचें, तर गाडी गॅरेजमध्यें, आणि दार विजेच्या हातीं. कांहीं लोकांना, विशेषतः वृद्धांना, तें जड दार उचलतां आलें नाहीं आणि त्यांचा अंत झाला. तांबडी दोरी प्रत्येक दाराला होती. पण धुरांत, अंधारांत, घाबरलेल्या माणसाला ती आठवावी कशी, आणि आठवली तरी वृद्ध हातांनीं दार उचलावें कसें? पुढच्याच वर्षीं तेथील विधिमंडळानें कायदा केला, आणि १ जुलै २०१९ पासून त्या राज्यांत विकल्या व बसविल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक यंत्राला वीज गेल्यावर चालणारी बॅटरी असणें आवश्यक झालें.

ह्या शंभर वर्षांच्या कथेवरून दिसेल कीं, यंत्राच्या दारांत जी जी सोय आज आहे, ती कोणत्या तरी बिघाडानें शिकविलेली आहे. तेव्हां आपल्या घरीं, किंवा परदेशीं असलेल्या मुलाबाळांच्या घरीं, असें दार बिघडलें तर काय करावें, हें थोडक्यांत सांगतों. मी यंत्रविद्येंतील तज्ज्ञ नव्हें. परंतु त्या शेजाऱ्यांनीं आणि मागाहून आलेल्या कारागिरानें जें शिकविलें, तें वर्गांत सांगावें तसें क्रमानें सांगतों.

पहिलें असें कीं, कशालाही हात लावण्यापूर्वीं मुलांना दूर न्यावें आणि दाराकडे नीट पाहावें. दार उघडें किंवा अर्धवट अडकलें असेल आणि स्प्रिंगमध्यें फट दिसत असेल, अथवा दार एका बाजूस झुकलें असेल, तर दोरीला हात लावूं नये, दाराखालून जाऊं नये, गाडीही काढूं नये. कारागिरास बोलवावें. स्प्रिंगच्या टोकाचे स्क्रू स्वतः कधींही सैल करूं नयेत. त्यांत सबंध दाराचें ओझें पिळून बसलेलें असतें, आणि तें सुटलें तर हाताचें हाड मोडल्याशिवाय राहत नाहीं.

दुसरें, दार पूर्ण लागलेलें असून केवळ वीज गेली असेल, तर मात्र तांबडी दोरी आपलीच आहे. ती खालीं ओढावी आणि दार दोन्ही हातांनीं सांवकाश उचलावें. स्प्रिंग चांगली असेल तर दार हलकें लागतें. तें फार जड लागलें तर तेथेंच सोडून द्यावें. स्प्रिंग गेली असें समजावें. सर्व ठीक असतांनाही वर्षांतून दोनदां ही परीक्षा घ्यावी. दोरी सोडून, हात न काढतां दार अर्ध्यावर आणावें आणि पकड हळूच सैल करावी. तें जागच्या जागीं राहिलें तर तोल नीट आहे. खालीं ओढूं लागलें तर स्प्रिंग थकली आहे.

तिसरें, दार उघडतें पण लागत नाहीं आणि यंत्रावरचा दिवा लुकलुकतो, तर बहुधा दोष त्या खालच्या दोन डोळ्यांचा. एखादें पान, कोळ्याचें जाळें किंवा केरसुणीचा धक्का एवढ्यानेंही ते बिथरतात. कधीं मावळतीचें ऊनच एका डोळ्यांत शिरतें. मऊ फडक्यानें पुसून ते समोरासमोर आणावे. ते काढून टाकून दार चालविण्याची युक्ति कोणी सुचविली तर ऐकूं नये.

चौथें, भिंतीवरची कळ चालते आणि रिमोट चालत नाहीं, तर आधीं रिमोटची बॅटरी बदलावी. कळीच्या पट्टीवर रिमोट बंद करण्याचा खटका असतो, तो चुकून दाबला गेला आहे काय तें पाहावें. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण सांखळी हालत नाहीं, तर आंतलें दांतेरी चाक झिजलें असण्याचा संभव असतो. हें दुरुस्त होतें. सबंध यंत्र टाकून देण्याची घाई करूं नये.

पांचवें, महिन्यांतून एकदां दाराच्या वाटेंत दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवून दार लावून पाहावें. दार फळीला टेकतांच परत वर गेलें पाहिजे. न गेल्यास दुरुस्ती होईपर्यंत यंत्र बंद ठेवावें.

आपल्याकडील जुन्या वाड्यांना मोठे दरवाजे असत. ते हत्ती, अंबारी, फौजफाटा यांच्यासाठीं. पण त्याच दरवाज्याच्या पोटांत एक लहान दिंडी असे, वांकून एका माणसानें आंतबाहेर करण्यापुरती. पुण्यास शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यांत ती आजही पाहावयास मिळते. मोठा दरवाजा अडला तरी माणूस अडूं नये, एवढा विचार त्या बांधणाऱ्यांनीं केलेला होता. तांबडी दोरी ही यंत्राच्या दाराची दिंडीच होय. पण दिंडी असून भागत नाहीं. ती कोठें आहे, कशी उघडते आणि केव्हां उघडूं नये, हें घरांतल्या प्रत्येकास ठाऊक असावें लागतें. वणव्यांत जे अडकले त्यांच्या दारांनाही दिंडी होती. माझ्या मुलास तर दिंडी ठाऊकही होती. केव्हां उघडूं नये, एवढेंच ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं कारागीर आला. त्यानें तुटलेली एकच न बदलतां दोन्ही स्प्रिंगा बदलल्या, कारण दुसरीचेंही वय तेवढेंच झालेलें. तेव्हांपासून माझ्या नातीची सायकल आंतल्या भिंतीजवळ उभी असते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती स्वतः फळी आणून दाराच्या वाटेंत ठेवते. मग ती बापाजवळ मागें जाऊन उभी राहते आणि दार खालीं येऊन, फळीला टेकून, पुन्हां वर जाईपर्यंत डोळ्यांचें पातें लवूं देत नाहीं. मला फोनवर ती निकाल कळविते, "आजोबा, दार पास झालें." शिक्षकाच्या घरांत ह्याहून चांगली परीक्षा ती काय असावयाची!

श्रोतेहो, आपल्याही घरीं कोणतें ना कोणतें आपोआप चालणारें यंत्र असेलच. त्याची दिंडी कोठें आहे, हें आज रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां पाहून ठेवा, एवढीच विनंति करून मी आपला निरोप घेतों.